क्रमांकांची वही

मनुष्यास क्रम लावण्याची हौस फार. आंबा हातीं आला कीं हापूस श्रेष्ठ कीं पायरी, किल्ला पाहिला कीं देवगिरी थोर कीं रायगड, कीर्तन ऐकलें कीं कालचे बुवा बरे कीं आजचे, हा वाद घातल्यावांचून आम्हां मंडळींस अन्न गोड लागत नाहीं. शिक्षकाच्या धंद्यांत तर ही हौस हौस राहत नाहीं, कर्तव्य होऊन बसते. वर्षांतून दोनदां आम्ही पन्नास-साठ मुलांस कागदावर एकाखालीं एक उभे करतों, प्रत्येकाच्या नांवापुढें एक आंकडा मांडतों, आणि घरीं जाऊन स्वस्थ निजतों. गेलीं वीस वर्षें हें काम आम्हीं निष्ठेनें केलें. त्यांत कांहीं विचार करण्यासारखें आहे असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. यंदा एका वहीनें तो विचार करावयास लावला. ती वही आमची नव्हे. नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याची आहे. त्याच्या अनुमतीनें, परंतु त्याचें नांव न सांगतां, तिची हकीकत येथें देत आहों.

पावसाळ्याचे दिवस होते. मराठीच्या तासास आम्ही समास शिकवीत होतों. खिडकीकडील रांगेंतील एक मुलगा पाठ्यपुस्तकाच्या आड कांहीं लिहीत होता. जवळ जाऊन पाहतों तों चौकटींची वही, तींत रंगीत पेन्सिलींनीं भरलेलीं घरें, वरखालीं जाणाऱ्या रेघा, आणि जिकडे तिकडे आंकडे. आम्हीं वही जप्त केली, दोन शब्द कठोर बोललों, आणि “ज्याचा वर्गांत एकेचाळिसावा क्रमांक आहे, त्यानें असले उद्योग करूं नयेत,” असेंही सर्वांदेखत म्हणालों. मुलगा खालीं मान घालून बसला. तें शेवटचें वाक्य बोलण्याची कांहीं एक गरज नव्हती, हें आज लिहितांना कळतें. त्या वेळीं मात्र आपण शिस्त राखली या समाधानांत आम्ही पुढचा समास सोडवूं लागलों.

संध्याकाळीं पाऊस लागून राहिला. छावणीकडील रस्त्यांवर पाणी सांचलेलें, फिरावयास जाणें अशक्य. म्हणून ती वही उघडली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें : ‘ॲनिमे. ऋतु : उन्हाळा.’ खालीं महिना मात्र जुलै. आम्हांस हंसूं आलें. आषाढाच्या धारा कोसळत असतां हा कसला उन्हाळा ? पुढें वाचल्यावर उलगडा झाला. जपान देशांत दूरचित्रवाणीवरील चित्रमालिका ऋतूंप्रमाणें प्रसिद्ध होतात : जानेवारींत हिवाळ्याच्या, एप्रिलांत वसंताच्या, जुलैंत उन्हाळ्याच्या व ऑक्टोबरांत शरदाच्या. एका ऋतूस सुमारें बारा-तेरा आठवडे. आठवड्यास एक भाग. म्हणून पुष्कळ मालिका बारा किंवा तेरा भागांत संपतात. या मालिकांसच मुलें ‘ॲनिमे’ म्हणतात. जपानचा उन्हाळा आमच्या मुलांच्या वहींत आषाढ-श्रावणांत येतो, एवढाच काय तो फरक.

येथें आमच्या मनाची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हीं परकी चित्रें मुलांचा काळ खातात असा आमचा ग्रह होता. परंतु वही चाळतां चाळतां आमचें स्वतःचें बाळपण आठवलें. १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं ‘जंगल बुक’ लागत असे. मोगली, बल्लू, बगीरा हे आमच्या पिढीचे सोबती. शेरखानास आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनीं. ती बावन्न भागांची मालिका जपानांत १९८९ सालीं निघाली होती, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. प्रार्थना आटोपून घरीं धांवत येतांना मालिकेचा आरंभ चुकूं नये म्हणून आम्ही किती घाई करीत असूं ! म्हणजे आम्हीही ॲनिमेच पाहत होतों. फक्त त्यास नांव माहीत नव्हतें. त्याच सुमारास, १९९२ मध्यें, युगो साको या जपानी गृहस्थानें मुंबईच्या राम मोहन यांच्या सहकार्यानें रामायणावर चित्रपट पुरा केला. तो २०२५ च्या जानेवारींत आपल्याकडे पुन्हां चित्रगृहांत आला. आणि जपानी यात्रेकरू तर अजिंठ्यामुळें आमच्या या शहरास, तें औरंगाबाद होतें तेव्हांपासून, परिचितच आहेत. तेव्हां ज्यास आम्ही परकें म्हणत होतों तें फारसें परकें नव्हतें.

असो. वहीकडे वळूं. वर्गांतील सात जणांचें, चार मुलगे व तीन मुली यांचें, एक मंडळ होतें. प्रत्येकानें दर आठवड्यास प्रत्येक भागास एकपासून दहापर्यंत गुण द्यावयाचे, आणि आमच्या या ‘चिटणिसानें’ ते वहींत टिपून ऋतूच्या अखेरीस सर्व मालिकांचा क्रम लावावयाचा. काम सोपें दिसतें. पण वहीचीं पहिलीं दहा पानें वाचल्यावर कळलें कीं, क्रम लावणें हें जगांतील कठीण कामांपैकीं एक आहे, आणि या चौदा वर्षांच्या मुलास तें स्वतःच उमगलें आहे.

त्यानें प्रथम सरासरी काढली होती. शाळेच्या पुस्तकांत तिला ‘मध्य’ म्हणतात. लगेच खालीं एक शंका लिहिली होती. एका मालिकेच्या बाराही भागांस आठ-आठ गुण मिळाले. दुसरीच्या सहा भागांस सहा आणि सहांस दहा मिळाले. दोहोंचा मध्य आठच. पण पहिली सपाट रस्त्यासारखी, आणि दुसरी म्हैसमाळच्या घाटासारखी. त्यांस एकाच पायरीवर कसें बसवावें? म्हणून त्यानें दुसऱ्या पानावर ‘मध्यक’ काढला, म्हणजे सर्व गुण चढत्या क्रमानें मांडून बरोबर मधला घेतला. मध्यकाचा गुण असा कीं, एखादा भाग फारच फसला, तरी त्या एकाच्या पापानें सारी मालिका बुडत नाहीं. दोषही तोच कीं, एखादा भाग अपूर्व उतरला, तरी त्याचें पुण्य मालिकेच्या पदरीं पडत नाहीं.

तिसऱ्या पानावर प्रश्न निराळाच. एक मालिका मंडळांतील दोघांनींच पाहिली व दोघांनींही दहा-दहा गुण दिले. दुसरी सातही जणांनीं पाहिली व तिचा मध्य नऊ आला. पहिली श्रेष्ठ म्हणावी काय ? हा प्रश्न मोठमोठ्या याद्या करणाऱ्यांसही पडतो. त्यावरील तोड अशी कीं, प्रत्येक मालिकेच्या खात्यांत आरंभीं कांहीं काल्पनिक मतें सर्वसाधारण गुणांचीं जमा धरावीं. समजा, सर्व मालिकांचा मिळून मध्य सात आहे, आणि आपण दहा मतें काल्पनिक धरलीं. आतां तीन जणांनीं दहा-दहा गुण दिलेल्या मालिकेचे तीस आणि काल्पनिक सत्तर मिळून शंभर, भागिले तेरा, म्हणजे ७.६९ झाले. चाळीस जणांनीं सरासरी नऊ गुण दिलेल्या मालिकेचे तीनशें साठ व सत्तर मिळून चारशें तीस, भागिले पन्नास, म्हणजे ८.६ झाले. थोड्यांची स्तुति नम्र झाली, पुष्कळांची जवळजवळ होती तशीच राहिली. आयएमडीबी या चित्रपटकोशानें आपल्या उत्तम अडीचशें चित्रपटांच्या यादीसाठीं असेंच सूत्र प्रसिद्ध केलें होतें. २००४ सालीं सुरू झालेली ‘मायॲनिमेलिस्ट’ ही ॲनिमेची मोठी सूचि याच जातीचें सूत्र वापरते. त्या सूचींत ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ ही चौसष्ट भागांची मालिका बहुत काळ अग्रस्थानीं होती, २०२३ सालीं ‘फ्रीरेन’ या मालिकेनें तें स्थान घेतलें. अशा वेळीं एका मालिकेचे भक्त दुसरीस मुद्दाम एकच गुण देतात, असेंही घडतें. भक्तीच्या नांवाखालीं दुसऱ्याचे दैवत फोडण्याची ही खोड जुनीच आहे. साधन तेवढें नवें.

त्याच ‘फ्रीरेन’ मालिकेवरून आमच्या चिटणिसास आणखी एक अडचण आली होती. तिचे पहिले चार भाग २९ सप्टेंबर २०२३ रोजीं एकाच रात्रीं सलग दाखविले गेले. ते चार घरांत भरावे कीं एका ? चार घरांत भरले, तर एका बैठकीचें मत चौपट होतें. एकांत भरले, तर अठ्ठावीस भागांचे पंचवीस होतात. त्यानें समासांत लिहिलें होतें, ‘दोन्ही प्रकारें करून पाहिलें. क्रमांक बदलला नाहीं. पण बदलला असता तर ?’ आम्ही समास शिकवीत होतों, आणि हा मुलगा समासांत असा प्रश्न लिहीत होता !

पुढें रेखाचित्रें होतीं. एका पानावर प्रत्येक आठवड्याचा क्रमांक मांडून प्रत्येक मालिकेची रेघ काढली होती. रेघा एकमेकींस ओलांडीत वर-खालीं जात होत्या. पाहावयास हें चित्र फार मनोरंजक; शर्यतीचाच भास होतो. परंतु खालीं टीप होती कीं, क्रमांक अंतर झांकतो. पहिलीस ८.५१ व दुसरीस ८.५० असले, आणि तिसरीस ७.२ असले, तरी चित्रांत तिघींमध्यें सारखेंच अंतर दिसतें. दुसऱ्या पानावर भागागणिक गुणांची रेघ काढली होती, ती दोनदां. एकदां खालचा आंकडा शून्य धरून, एकदां सात धरून. शून्य धरलेल्या चित्रांत रेघ अंगणासारखी सपाट. सात धरलेल्या चित्रांत तीच रेघ देवगिरीच्या कड्यासारखी उभी. गुण तेच, कागद तोच. केवळ पायथा कोठें धरला यावर टेंकाड कीं किल्ला हें ठरलें. वर्तमानपत्रांतील आलेख पाहतांना आम्ही आतां प्रथम पायथा पाहतों. ही संवय आम्हांस त्या वहीनें लावली.

शेवटीं रंगीत घरांचें कोष्टक. प्रत्येक मालिकेस एक आडवी ओळ, प्रत्येक भागास एक घर; उत्तम भाग गडद हिरवा, मध्यम पिवळा, वाईट तांबडा. एका दृष्टिक्षेपांत सारा ऋतु डोळ्यांपुढें उभा राहतो. पण हिरवा कोठें संपतो आणि पिवळा कोठें लागतो ? त्यानें आठाची सीमा धरली होती. त्यामुळें ८.० हिरवें आणि ७.९ पिवळें. पस्तीस गुणांस उत्तीर्ण व चौतिसांस अनुत्तीर्ण असें रोज लिहिणारे आम्ही. त्या दोन घरांकडे बराच वेळ पाहत राहिलों.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत त्यास बोलाविलें. तो भीत भीत आला. आम्हीं विचारलें, “हें सगळें तुला कोणी शिकविलें ?”

“कोणी नाहीं, सर. थोडें पुस्तकांत आहे, थोडें शोधून वाचलें. बाकीचें भांडणांतून.”

“भांडणांतून ?”

“मी क्रम लावला कीं कोणीतरी म्हणायचें, हें चूक आहे. मग दुसऱ्या तऱ्हेनें लावायचा.”

त्यानें मग मंडळांतील मतदारांची हकीकत सांगितली. एक मुलगी उदार. तिचा हात नवाखालीं सहसा जात नाहीं. एक मुलगा असा चिकित्सक कीं, त्याच्या मनांत अतिशय भरलें तरी सात. दोघांचे गुण सरळ मिळवावे तर ज्या मालिका त्या मुलीनें पाहिल्या त्या फुकट वर चढतात. म्हणून हा प्रत्येकाची स्वतःची सरासरी काढी, आणि त्यानें दिलेला गुण तिच्याहून किती वर किंवा खालीं, एवढेंच मोजी. उदार मुलीचे नऊ म्हणजे शून्य. पांचाची संवय असलेल्या चिकित्सकाचे सात म्हणजे अधिक दोन. आपल्या राज्यांत अभियांत्रिकी व औषधनिर्माण शाखांच्या प्रवेशपरीक्षेच्या निरनिराळ्या सत्रांस निरनिराळ्या प्रश्नपत्रिका असतात, म्हणून नुसते गुण न घेतां आपल्या सत्रांतील किती शेंकडा विद्यार्थी आपल्या मागें राहिले तें पाहतात. त्याच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. दहावीच्या गुणांची तुलना कशी करावी हा प्रश्नही आपल्याकडे लहान नाहीं. आमच्या वेळीं मंडळ गुणवत्ता-यादी जाहीर करी व यादींतील मुलांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येत. ती प्रथा पुढें बंद झाली. २०१० सालीं सहांपैकीं उत्तम पांच विषयांचे गुण धरावे असें राज्यांत ठरलें, तेव्हां वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांच्या ‘भांडणां’हून तो प्रकार फार निराळा होता असें म्हणवत नाहीं.

आमच्या वडिलांचीही एक वही होती, हें त्यास आम्हीं सांगितलें. १९५२ सालीं आकाशवाणीनें चित्रपटगीतांस जवळजवळ दार लावलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांचा तो आवाज कोण विसरेल ? २०२४ च्या फेब्रुवारींत ते निवर्तले. दर बुधवारीं रात्रीं गाणीं खालून वर ‘पायदाना’प्रमाणें लागत. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांच्या मंडळांचीं मतें यांवरून तो क्रम ठरे. आणि जें गाणें फार आठवडे गाजलें, त्यास ‘सरताज’ किताब देऊन मालिकेंतून सन्मानानें निवृत्त करीत, म्हणजे इतरांस वाट मिळे. आमचे वडील तरुणपणीं ती उतरंड वहींत उतरून घेत. मुलगा हंसून म्हणाला, “म्हणजे सर, तेही आमच्यासारखेच.” आम्हीं म्हटलें, “तसेंच दिसतें.” काल ज्याची वही आम्हीं हिसकावली होती, त्याच्यापुढें आज आम्ही आपल्या घरची वही मांडीत होतों !

यानंतर त्यानें जें पान दाखविलें, त्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

एका मालिकेची रेघ चवथ्या भागापर्यंत ६.७ वर चालली होती, आणि पांचव्या भागापासून एकदम आठांवर चढून तेथेंच स्थिरावली होती. आम्ही म्हणालों, “पुढें चांगली झालेली दिसते.”

“नाहीं, सर. होती तशीच आहे. तिघांनीं पाहणें सोडलें.”

त्यानें हिशेब दाखविला. सातांपैकीं चौघे आरंभापासून आठ गुण देत होते, तिघे पांच. बत्तीस आणि पंधरा मिळून सत्तेचाळीस, भागिले सात, म्हणजे ६.७. चवथ्या भागानंतर कंटाळलेले तिघे निघून गेले, राहिले आठ देणारे चौघे, सरासरी आठ. कोणाचेंही मत बदललें नाहीं, मालिकेंत कांहीं सुधारलें नाहीं, तरी रेघ वर गेली. तो पुढें म्हणाला, “लोक सांगतात, शेवटपर्यंत पाहा, पुढें छान होते. पण ज्यांना आवडली नाहीं ते शेवटपर्यंत थांबतच नाहींत ना. जे गेले ते मोजलेच जात नाहींत.”

घंटा झाली, तो वर्गांत गेला. आम्ही मात्र तेथेंच बसून राहिलों.

आतां आमची गोष्ट. या शाळेंत येण्यापूर्वीं आम्ही दुसऱ्या एका शाळेंत होतों. तेथें आमच्याकडे दहावीचा वर्ग असे. एका वर्षीं वर्गाचा निकाल शेंकडा ब्याण्णव लागला. दुसऱ्या वर्षीं शंभर. तो शंभराचा आंकडा फळ्यावर रंगीत खडूनें लिहिला गेला, पेढे वाटले गेले, आणि आमचा सत्कार झाला. तो निकाल कसा झाला हें आम्हांस ठाऊक होतें. नववीच्या अखेरीस जीं मुलें कच्चीं वाटलीं, त्यांच्या पालकांस बोलावून सांगण्यांत आलें कीं, मुलानें शाळेंतून परीक्षा न देतां सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावें, म्हणजे त्यावर ताण येणार नाहीं. हें सांगण्याचें काम वर्गशिक्षकाचें; म्हणजे आमचें. बाहेरून बसण्याची ती सोय खरोखर ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठीं आहे, आणि पुष्कळांस तिचा आधार झाला आहे. ती शाळा सोडविण्याचें साधन नव्हे. आम्हीं तिचा तसा उपयोग केला.

त्यांत एक मुलगा होता. गणितांत फार मागें, अक्षर मात्र मोत्यासारखें. फळ्यावरील सुविचार तोच लिहीत असे. त्याची आई धुणींभांडीं करीत असे. आम्हीं बोललेलें तिनें शांतपणें ऐकून घेतलें. “सर, तुम्ही म्हणाल तें बरोबरच असेल,” असें म्हणून तिनें कागदावर अंगठा उठविला. तो मुलगा बाहेरूनही परीक्षेस बसला नाहीं. वर्गाची रेघ ब्याण्णवावरून शंभरावर गेली. आम्ही तेव्हां काय शिकवीत होतों, तें आधींच्या वर्षीं शिकवीत होतों त्याहून रतिभर अधिक नव्हतें. नव्याण्णव मेंढरें रानांत ठेवून एकाच्या शोधास जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आम्ही कितीदां मुलांस समजावून दिला आहे ! आम्हीं एक सोडून दिलें, आणि राहिलेल्या नव्याण्णवांस शंभर टक्के म्हटलें.

हें पाप आम्हांस अगदींच ठाऊक नव्हतें असें नव्हे. तें कोठें तरी मनांत होतें. परंतु त्याचें गणित असें स्वच्छ कोणी मांडून दाखविलें नव्हतें. तें दाखविलें एकेचाळिसाव्या क्रमांकाच्या मुलानें, आणि तेंही जपानी चित्रमालिकेच्या निमित्तानें.

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्याच्या घराच्या शोधास गेलों. गल्ली सांपडली; घराच्या जागीं दुकान झालेलें. शेजारच्या म्हातारबाईंस विचारलें. त्या म्हणाल्या, तीं माणसें वाळुजकडे कोठें तरी राहावयास गेलीं. पोरगा कारखान्यांत लागला होता म्हणे. पुढचें माहीत नाहीं. आम्ही दोन रविवार वाळुजकडेही हिंडून आलों. कारखान्यांच्या त्या वस्तींत, नुसत्या नांवावरून, वीस-बावीस वर्षांचा एक तरुण सांपडत नाहीं. फळ्यावरील अक्षर पाहिलें असतें तर आम्हीं तें ओळखलें असतें. पण कारखान्यांत सुविचार कोण लिहितो?

परत आल्यावर आम्हीं वर्गाची हजेरी व गुणपत्रक काढलें, आणि त्या मुलाचीच पद्धति त्याच्याच गुणांस लावून पाहिली. आठवींतील चार परीक्षांचे त्याचे शेंकडा गुण असे : ०, ५२, ५६, ६०. मध्य ४२, त्यावरून एकेचाळिसावा क्रमांक. तें शून्य कशाचें ? पहिल्या परीक्षेच्या वेळीं तो डेंग्यूनें घाटीच्या इस्पितळांत होता. गैरहजेरीचें शून्य झालें, आणि शून्याची सरासरी झाली. मध्यक काढला तर ५४. चोपन्न गुणांनीं कोणी पहिला येत नाहीं, हें खरें. तरी उरलेल्या तीन परीक्षांची रेघ दर वेळीं चार-चार गुणांनीं चढत होती, हेंही तितकेंच खरें. तें आम्हांस वर्षभर दिसलें नाहीं. कारण आम्ही रेघ काढलीच नव्हती, फक्त आंकडा लिहिला होता. हें सर्व एका कागदावर काढून आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलों. ते रिक्षा चालवितात. त्यांनीं कागद दिव्याखालीं धरून नीट पाहिला व विचारलें, “म्हणजे पोरगा ढ नाहीं ?” आम्हीं म्हटलें, “नाहीं. आमचें मोजणें ढ होतें.” त्यांनीं तो कागद घडी घालून देव्हाऱ्याजवळील फळीवर ठेविला.

आतां कोणी म्हणेल, मग क्रमांक टाकूनच द्यावे. तसें आमचें म्हणणें नाहीं. क्रमांक म्हणजे नकाशा. नकाशावांचून प्रवास कठीण. परंतु एकाच मुलुखाचे नकाशे अनेक असतात : एक डोंगर दाखवितो, एक रस्ते, एक पाऊसमान. मध्य, मध्यक, क्रम, रंगीत घरें, चढती-उतरती रेघ, यांपैकीं एकही खोटा नाहीं, आणि एकही पुरा नाहीं. जो एकच नकाशा काढतो व त्यासच मुलूख समजतो, तो फसतो. आणि आम्हां शिक्षकांच्या बाबतींत, तो दुसऱ्यास फसवितो. म्हणून आंकडा पाहिला कीं तीन प्रश्न विचारावे : हा कोणीं दिला, पायथा कोठें धरला, आणि मोजणीपूर्वीं कोण निघून गेलें ?

त्या वहींत शेवटीं एक बारीक सुधारणा आम्हांस आढळली. आमचें बोलणें झाल्यानंतरच्या ऋतूंत त्यानें मालिका सोडून गेलेल्यांच्या रेघा पुसून टाकणें बंद केलें आहे. ज्या भागास एखाद्यानें पाहणें सोडलें, तेथून त्याची रेघ तो तुटक काढतो; ती कागदाच्या कडेपर्यंत नेतो, आणि शेवटीं लहानसें वर्तुळ करून त्यांत त्याच्या नांवाचें आद्याक्षर लिहितो. आम्हीं विचारलें, “यानें सरासरी बदलते काय ?” तो म्हणाला, “नाहीं, सर. पण ते होते हें कळतें.”

ती युक्ति आम्हीं उचलली आहे. आमच्या स्वतःच्या नोंदवहींत यंदापासून एक पान अधिक आहे. वर्गांतून जो मुलगा किंवा मुलगी जाते, त्याचें नांव तेथें राहतें. कोठें गेला, कां गेला, केव्हां भेटलों, हें पुढें लिहावयाचें. पहिली ओळ त्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलाची आहे, तो या शाळेचा नसला तरी. तिच्यापुढचें घर अजून रिकामें आहे.

प्रिय विद्यार्थ्यांनो, पुढील वर्षीं हा आमचा चिटणीस दहावीस असेल, आणि त्याच्याबरोबर तुम्हांपैकीं कित्येक असाल. आमच्या वर्गांतील एकाही मुलास निकालासाठीं ‘बाहेरून बस’ असें आम्ही सांगणार नाहीं, हें या वार्षिकाच्या पानावर लिहून ठेवीत आहों. सांगितलेंच, तर हें पान आमच्यापुढें धरावें. आणि ज्याच्याजवळ अशी एखादी वही असेल, त्यानें ती मराठीच्या तासास पुस्तकाआड लपवूं नये. मधल्या सुट्टींत घेऊन यावी. आम्ही शिक्षकांच्या खोलींत असतों.